वीज गेल्याची वर्दी : संगणकाच्या इशाऱ्यांचा एक छोटासा इतिहास

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या वीजपुरवठ्याविषयी लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही प्रारंभी तसेच वाटले होते. परंतु इशारा देणे ही मुळात भाषेतली कृती आहे. कोणी, कोणाला, किती आधी आणि कोणत्या शब्दांत सावध करावे, हा प्रश्न जितका अभियंत्याचा तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. आमचे लक्ष या प्रश्नाकडे गेले ते मात्र एका नुकसानीमुळे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

गोष्ट २००७ सालच्या दिवाळीनंतरची. रेणापूर भागातील आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी मोटेच्या शब्दांचा संग्रह हाती घेतला होता. मोट जाऊन विजेचे पंप आले, त्याला एव्हाना बराच काळ लोटला होता. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द ज्यांनी प्रत्यक्ष वापरले अशी माणसे गावोगाव बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. तिचे आजोबा त्यांपैकी एक. वहीत तिने शब्द आणि त्यांचे ओळभर अर्थ टिपले होते. पण तो शब्द कोण, कोणत्या प्रसंगी, कसा वापरी, शेजारच्या गावात त्याचे रूप कसे बदले, बैल मागे सरताना आजोबा काय म्हणत, हे सारे ती महाविद्यालयाच्या संगणकावर टंकताना आठवून आठवून लिहीत होती. दुपारी वीज गेली. टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करू लागला. त्या खोलीत हा आवाज रोजचाच होता. ‘येईल आता लाईट’ म्हणून ती लिहीत राहिली. काही मिनिटांनी तो आवाज सलग झाला आणि पडदा काळा पडला. ज्या प्रणालीत ती टंकत होती तीत मजकूर आपोआप जतन होण्याची सोय नव्हती. सकाळपासूनचे तीन तास गेले.

पुढे चौकशी करताना आम्हांला कळले की यूपीएस आणि संगणक यांना जोडणारी एक बारीक तारही असते. विजेची नव्हे, माहितीची. आमच्याकडे ती खोक्यातच राहिली होती. कारण ती कशासाठी आहे हे बसवून देणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. यूपीएस बोलत होता, पण संगणकाला ते ऐकू येत नव्हते. आणि जिला ऐकू येत होते तिला त्या भाषेचा अर्थ ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेखात ज्याचा मागोवा घ्यायचा आहे तो इतिहास या तारेचा आणि तिच्या टोकाशी पडद्यावर उमटणाऱ्या वाक्याचा आहे.

पोथीतले मोरपीस

वीज जात असल्याची सूचना संगणकाच्या जगात आरंभी माणसासाठी नव्हतीच. १९७० साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-११ हा लघुसंगणक आणला. त्या काळातील पुष्कळशा संगणकांची स्मृती चुंबकीय कड्यांची असे. वीज गेली तरी त्या कड्यांत साठवलेले तसेच राही. पण प्रक्रियकाच्या आत चाललेला हिशेब, म्हणजे रजिस्टरांतले आकडे, मात्र पुसले जात. म्हणून अशी योजना होती की पुरवठ्याचा दाब ढासळू लागताच वीजपुरवठ्याच्या पेटीने प्रक्रियकाला खूण करायची. पेटीत साठून राहिलेल्या विजेवर यंत्र आणखी काही मिलिसेकंद तग धरी. तेवढ्या अवधीत एक छोटा कार्यक्रम रजिस्टरांतले आकडे कड्यांच्या स्मृतीत नेऊन ठेवी. वीज परत आली की काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू.

पोथी वाचता वाचता कोणी हाक मारली तर घरातील वडीलधारी माणसे पानात मोरपीस ठेवून उठत. पीडीपी-११ मधली योजना नेमकी हीच होती. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या पहिल्या इशाऱ्यात शब्द नव्हते, आणि माणसाला काही करायलाही सांगितले नव्हते. इशारा ज्याला मिळत होता त्याच्याच हातात उपायही होता. पुढील सर्व घोळ हा दुवा तुटल्यामुळे झाला, असे आमचे मत आहे.

दवंडी

युनिक्स या प्रणालीमुळे एका यंत्रावर एकाच वेळी अनेक माणसे काम करू लागली. प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा टर्मिनल, यंत्र एकच. आता यंत्र बंद पडणार असेल तर ते सर्वांना कळवणे भाग होते. त्यासाठी ‘वॉल’ नावाची आज्ञा होती. ‘सर्वांना लिही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूप. ती दिली की जो जो यंत्रावर बसला असेल त्याच्या पडद्यावर, तो काय करीत आहे याची पर्वा न करता, तेच वाक्य उमटे. यंत्र बंद करण्याची आज्ञाही हाच मार्ग वापरून ठराविक अंतराने आठवण देत राही.

आपल्याकडे गावात दवंडी पिटली जाई तिची रीत याहून निराळी नव्हती. हलगी वाजली की हातातले काम थांबवून माणसे कान देत. दवंडीला श्रोत्याचे नाव माहीत नसे. पण तिच्यात काय घडणार, केव्हा घडणार आणि गावकऱ्यांनी काय करायचे, या तिन्ही गोष्टी असत. पाणी सुटणार आहे, उद्या सकाळी सुटणार आहे, जनावरे नदीकाठी बांधू नका. सावध करणाऱ्या वाक्याचे हे तीन अवयव. पुढील विवेचनात आम्ही त्यांचाच आधार घेणार आहोत.

युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या शाखेत वीज जाण्यासाठी एक स्वतंत्र संकेत ठेवलेला होता, आणि तो लिनक्सनेही स्वीकारला. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत, यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एका फाइलमध्ये, याविषयी दोन ओळी असत. पहिलीचा आशय असा : वीज गेल्याचे कळताच दोन मिनिटांनी यंत्र बंद करण्याचे ठरव आणि तसे सर्वांना सांग. दुसरीचा आशय : तेवढ्यात वीज आली तर ते बंद करणे रद्द कर आणि तेही सर्वांना सांग. या ओळींच्या वर लिहिणाऱ्याने एक टीप जोडली होती. तिचा भावार्थ असा की हे सारे अर्थातच यूपीएस नीट जोडलेला आहे आणि नीट चालतो आहे, असे गृहीत धरून आहे. ती टीप आम्ही वाचली तेव्हा आम्हांला खोक्यातली आमची तार आठवली. जो इशारा आपण ऐकला नाही, तो कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवला होता. मधला दुवा तेवढा गळाला होता.

त्या तारेचीही स्वतंत्र कथा आहे. आरंभीच्या यूपीएसना संगणकाला दोनच गोष्टी सांगता येत : बाहेरची वीज गेली, आणि बॅटरी संपत आली. एकेका गोष्टीसाठी तारेतली एकेक पिन. नंतरचे यूपीएस आकडे सांगू लागले. दाब किती, भार किती, मिनिटे किती. १९९७ साली यूएसबीच्या मानकांत वीज-उपकरणांसाठी वेगळा वर्ग ठरला, आणि निरनिराळ्या कंपन्यांचे यूपीएस एकाच परिभाषेत बोलू शकतील अशी वाट झाली. ऐकण्यासाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’सारखी मुक्त साधनेही निघाली. यंत्रांची बोली अशी प्रमाणित झाली. माणसाशी कोणत्या बोलीत बोलायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

घड्याळाशेजारची बॅटरी

मांडीवर घेण्याचा संगणक आला तेव्हा वीज जाणे हा अपघात न राहता नित्यक्रम झाला. तारेवाचून चालणे हाच त्या यंत्राचा गुण. तेव्हा बॅटरी संपणे हे ठरलेलेच. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी विजेच्या व्यवस्थापनाचे एक मानक आणले. त्यात मुख्य अधिकार यंत्राच्या मूळ संचात बसवलेल्या बायॉसकडे असे. संचालन प्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, तो सांगेल तेवढेच कळे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि सूत्रे संचालन प्रणालीच्या हाती दिली. या मानकानुसार बॅटरी आपली मूळ क्षमता सांगते, आता पूर्ण भरल्यावर किती क्षमता उरते ते सांगते, आणि दोन पातळ्या सांगते. एक पातळी माणसाला सावध करण्याची. दुसरी, त्याहून खालची, माणसाची वाट न पाहता यंत्राने स्वतःला सावरण्याची.

या दोन पातळ्यांत आम्हांला मोठा विचार दिसतो. आधी सांगायचे, ऐकले नाही तर आपणच निर्णय घ्यायचा. आपल्या भाषेतही या दोन पायऱ्यांसाठी वेगळे शब्द आहेत. ‘सूचना’ संस्कृतातून आली. तिच्यात नुसते दाखवून देणे आहे. ‘इशारा’ अरबीतून आला. मूळ अर्थ खूण, हावभाव. मराठीत येऊन त्याला धोक्याची धार चढली. ‘ताकीद’ही अरबीच, तिच्यात ठासून सांगणे आहे, आणि न ऐकल्यास परिणाम भोगावे लागतील हेही आहे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतील कागदपत्रांमुळे हे शब्द आमच्या आजोबांच्या कानांत चांगले मुरलेले होते. संगणकाने मात्र या तिन्हींसाठी पिवळा त्रिकोण किंवा घड्याळाशेजारचा बॅटरीचा बारका आकार वापरला. सूचना कोणती आणि ताकीद कोणती, हे रंगावरून ओळखायचे.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘सूच्य’ वस्तू परिचित आहे. जे रंगमंचावर दाखवायचे नाही पण प्रेक्षकाला कळले पाहिजे, ते अर्थोपक्षेपकांच्या द्वारे सुचवावे. त्यांपैकी चूलिका म्हणजे पडद्याआडून येणारा आवाज. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर उमटून विरणारी सूचना ही चूलिकाच होय. फरक इतकाच की नाटककाराला प्रेक्षक कोण हे ठाऊक असते आणि चूलिकेची जागा तो विचाराने ठरवतो. संगणकाची चूलिका वाक्याच्या मध्यातच ऐकू येते, आणि ती लिहिणाऱ्याने आपला वाचक कधी पाहिलेला नसतो.

किती वेळ उरला हे सांगण्यातही अडचण होती. ‘वीस टक्के’ असे म्हटले तर ते खरे असते, पण त्यातून काही कळत नाही. ‘पंचवीस मिनिटे’ म्हटले तर कळते, पण ते खरे ठरेलच असे नाही. कारण माणूस पुढच्या क्षणी काय करणार हे यंत्राला ठाऊक नसते. रिचर्ड ह्यूज यांनी ग्नोम या मुक्त प्रणालीसाठी जो पॉवर मॅनेजर लिहिला, त्यात बॅटरीच्या पूर्वीच्या वागण्यावरून अंदाज बांधण्याचा यत्न होता. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने तर आपल्या संगणकांच्या वरच्या पट्टीतून ‘उरलेला वेळ’ दाखवणेच बंद केले आणि टक्के तेवढे ठेवले. भविष्य चुकते म्हणून ज्योतिषाने पंचांग हाती द्यावे आणि आपण गप्प बसावे, तशातला हा प्रकार.

वेळापत्रकाचा प्रदेश

हे सर्व इशारे लिहिले गेले ते अशा देशांत, जिथे भिंतीतली वीज ही गृहीत धरण्याची गोष्ट होती. आमच्याकडची परिस्थिती वेगळी होती, हे वाचकांना सांगायला नकोच. अंबाजोगाईपलीकडे परळीचे औष्णिक केंद्र १९७१ पासून वीज निर्माण करीत आले. पण त्यालाही २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद राहावे लागले. १९९५ साली एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा फेरविचार करण्यासाठी जी मंत्रिमंडळ उपसमिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तत्कालीन उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे होते, आणि विधानसभेत ते रेणापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. तो करार रद्द झाला, १९९६ मध्ये बदलून पुन्हा झाला, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये थांबली. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्या सुमारास ‘भारनियमन’ हा परिभाषेतला शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळला की वर्तमानपत्रांत त्याचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकासारखे छापले जाई.

वेळापत्रक हाही एक इशाराच. तोही वीज जाण्याच्या कित्येक तास आधीचा. गृहिणी दळण त्याप्रमाणे ठरवीत, झेरॉक्सवाले दुकान त्याप्रमाणे उघडीत, डीटीपीचे काम करणारी मुले तर दर ओळीनंतर बोटे न पाहता सेव्ह करण्याच्या कळा दाबीत. ती त्यांच्या बोटांना लागलेली सवय हाच त्या काळातला सर्वांत भरवशाचा उपाय होता. संगणकाला मात्र त्या वेळापत्रकाची गंधवार्ता नव्हती. त्याच्या लेखी वीज जाणे हे नेहमीच अकस्मात होते. वेळापत्रक चुकले की माणूसही त्याच्याच पंक्तीला बसे. आमच्या विद्यार्थिनीच्या दिवशी ते चुकले होते.

शेतात याहून बिकट अवस्था. कृषिपंपांना पाळीपाळीने दिवसा किंवा रात्री वीज. ती आली की नाही हे पाहायला अंधारात बांधावरून चालत जायचे. साप, चिखल, उघड्या तारा. एका फेजवर पंप चालला तर मोटर जळायची. या व्यथेतून महाराष्ट्रातच एक उत्तर निघाले. आजोबांचे असेच रात्रीचे हेलपाटे पाहिलेल्या पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्याने ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडवले. पंपाच्या स्टार्टरला ते जोडायचे. घरबसल्या मोबाइलवरून त्याला फोन लावायचा. वीज आहे की नाही, पंप चालू आहे की बंद, हे वेगवेगळ्या स्वरांवरून कळते, आणि आकडे दाबून पंप चालू किंवा बंद करता येतो. २००९ साली नोकियाच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या यंत्राचे मोल विशेष आहे. ते अक्षर वाचायला लावत नाही. ज्याला खबर मिळते त्याच्याच बोटाखाली उपाय असतो. म्हणजे पीडीपी-११ मध्ये जो दुवा शाबूत होता, तो येथे माणसापर्यंत आणला गेला. आणि ते प्रश्नही बरोबर ओळखते. शहरातल्या संगणकाचा प्रश्न ‘वीज केव्हा जाईल’ हा. आमच्याकडच्या शेतकऱ्याचा प्रश्न ‘वीज केव्हा येईल’ हा. गल्लीत दिवे लागताच पोरे ‘लाईट आलीऽ’ म्हणून ओरडत, ती आरोळीही याच प्रश्नाचे उत्तर असे. येण्याची वर्दी देणारी यंत्रणा मोठमोठ्या संचालन प्रणालींनी क्वचितच इतक्या आस्थेने रचली.

निलंबित संगणक

आता भाषांतराकडे वळू. मुक्त प्रणालींचे मराठीकरण या शतकाच्या पहिल्या दशकात जोमाने सुरू झाले. पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयातून आणि स्वयंसेवकांकडून ते काम झाले. वेगवेगळ्या प्रणालींत एकाच इंग्रजी शब्दाला वेगवेगळे मराठी शब्द येऊ नयेत, म्हणून २००८ साली ‘फ्युएल’ या नावाने नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या सामाईक याद्या करण्याचा उपक्रम निघाला. त्यात मराठीही होती. या कामाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी जवळजवळ पाहिलेच नाही. त्यात आम्हीही आलो.

भाषांतर करणाऱ्यापुढे मजकूर सलग नसतो. सुटी वाक्ये असतात आणि त्यांत आकड्यांसाठी रिकाम्या जागा. इंग्रजीत ‘उरलेले’ या अर्थाचा शब्द कशाहीपुढे तसाच राहतो. मराठीत एक तास उरला, दोन तास उरले, एक मिनिट उरले, दहा मिनिटे उरली. रिकाम्या जागेत तास येणार की मिनिटे हे भाषांतरकाराला आधी ठाऊक नाही. म्हणजे क्रियापदाचे लिंग-वचन ठरवणार कसे? येथे फारसी-अरबीच्या वाटेने आलेला ‘शिल्लक’ हा जमाखर्चातला शब्द धावून येतो. एक तास शिल्लक, दहा मिनिटे शिल्लक. त्याला ना लिंग, ना वचन. व्याकरणाच्या तासाला आम्ही अविकारी विशेषणांची उदाहरणे देतो, तेव्हा अलीकडे हे उदाहरण आवर्जून देतो.

दुसरा प्रश्न संबोधनाचा. इंग्रजीतले आज्ञार्थी क्रियापद कोणालाही चालते. मराठीत ‘जोड’, ‘जोडा’, ‘जोडावा’ यांतून एक निवडावे लागते, आणि निवडताच यंत्राचे आपल्याशी नाते ठरते. ‘कृपया’ लावला तर सभ्यता येते, पण घाई निघून जाते; विहिरीत पडणाऱ्याला कोणी ‘कृपया मागे सरावे’ असे म्हणत नाही. तिसरा प्रश्न शब्दकोशातल्या प्रतिशब्दांचा. यंत्र तात्पुरते थांबवण्याच्या इंग्रजी क्रियापदाला कोशात ‘निलंबित करणे’ हा प्रतिशब्द सापडतो. तो जसाच्या तसा घेतला तर संगणक निलंबित होणार असे वाक्य होते, आणि कोणत्याही अध्यापकाला आधी चौकशी समिती आठवते. ‘शीतनिद्रा’ त्यामानाने सुंदर. पण मे महिन्याच्या लातुरात संगणक शीतनिद्रेत जातो हे वाचून हसू फुटल्यावाचून राहत नाही. बॅटरी ‘गंभीर’ आहे म्हणावे, तर ती दवाखान्यात असल्यासारखी वाटते.

पण याहून खोल अडचण शब्दांची नाही, वाक्यामागच्या गृहीताची आहे. ग्नोमच्या पॉवर मॅनेजरमध्ये यूपीएस संपत आल्याचे सांगणारे एक वाक्य होते. त्याचा आशय असा : यूपीएसची इतकी वीज शिल्लक आहे, माहिती गमावायची नसेल तर संगणकाचा वीजपुरवठा पूर्ववत करा. हे वाक्य कितीही चोख मराठीत आणले तरी रेणापूरच्या त्या दुपारी ते निरुपयोगीच ठरले असते. वीजपुरवठा पूर्ववत करणे त्या मुलीच्या हाती नव्हते. ते उपकेंद्रातल्या माणसाच्याही हाती नसते. दवंडीचे तीन अवयव येथे लावून पाहावेत. काय झाले, हे वाक्य सांगते. किती वेळ आहे, हेही सांगते. काय करायचे, हे मात्र ते भलत्याच माणसाला सांगते. ‘सेव्ह करा’ हे दोन शब्द तिच्या हाती होते, आणि तेच त्यात नव्हते.

आम्ही ‘सेव्ह’ म्हणतो आणि ‘जतन’ म्हणत नाही, हेही जाणूनबुजून. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून आमच्या मुलामुलींनी ‘सेव्ह’, ‘फाइल’, ‘शटडाऊन’ हे शब्द मराठी वाक्यांत बसवूनच संगणक शिकला. ‘रोहित्र’ हा शब्द वर्तमानपत्रात शोभतो. पण ते जळाले तर गावात ‘डीपी जळाली’ असेच म्हणतात आणि तेच ऐकून माणसे धावतात. परिभाषा घडवू नये, असे आमचे म्हणणे नाही. तासाला आम्हीही जतन म्हणतो. परंतु इशारा ही परिभाषा शिकवण्याची वेळ नव्हे. घाबरलेल्या माणसाला तोंडचाच शब्द कळतो.

एक कागद

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मजकूर आपोआप जतन करणाऱ्या प्रणाली सर्रास झाल्या. म्हणजे मोरपीस ठेवण्याचे काम पुन्हा यंत्राने स्वतःकडे घेतले, आणि ते योग्यच झाले. फोन मराठीत बोलू शकतो. महावितरणचे संदेश मोबाइलवर येतात. तरीही आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे फोन इंग्रजीतच असतात. कारण विचारले तर ‘मराठीतलं कळत नाही, सर’ असे उत्तर मिळते. ज्यांची मातृभाषा मराठी, मराठवाडी वळणाची आणि समर्थ, त्यांना पडद्यावरची मराठी परकी वाटते. हा दोष भाषांतर करणाऱ्या मूठभर माणसांवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही. ती वाक्ये लिहिली जात होती तेव्हा आम्ही वर्गात अर्थोपक्षेपक शिकवीत होतो.

त्या विद्यार्थिनीने यादी पुन्हा लिहिली. वही होती, आजोबाही होते. पण एकदा आठवून लिहिलेले दुसऱ्यांदा त्याच भरात आठवत नाही. दुसरी यादी पहिलीहून लहान झाली. किती लहान, हे मोजायला पहिली यादी नव्हतीच. मोटेचे शब्द विजेच्या येण्याने गेले होते. त्यांतले काही विजेच्या जाण्याने दुसऱ्यांदा गेले.

तार आम्ही त्याच आठवड्यात खोक्यातून काढून जोडली. पडद्यावर इंग्रजी वाक्य उमटू लागले. मग त्याच मुलीने एक कागद लिहून यूपीएसच्या वर चिकटवला. त्यावर तिने लिहिले होते : थांबत थांबत वाजले तर लाईट गेली, आधी सेव्ह करा, मग लिहा. सलग वाजले तर दोन मिनिटेसुद्धा नाहीत, शटडाऊन करा. काय झाले, किती वेळ, काय करायचे. तिन्ही अवयव त्यात आले होते, आणि सांगणारीला ऐकणारा कोण हे पक्के ठाऊक होते.

तो यूपीएस केव्हाच भंगारात गेला. कागद आम्ही काढून ठेवला आहे.